रुळांच्या कडेला जन्मलेला बोलपट

ठाण्याचं गणेश टॉकीज, प्रभात टॉकीज, डोंबिवलीचं टिळक टॉकीज, गोपी टॉकीज ही नावं आपल्या तोंडात किती सहज येतात! पत्ता सांगतानासुद्धा आपण 'टॉकीजच्या पुढे दुसरी गल्ली' असंच सांगतो. पण टॉकीज म्हणजे काय, असा प्रश्न मुलांनी विचारला तर? टॉकीज म्हणजे बोलणारी चित्रं, बोलपट. १९३१ च्या आधी आपल्याकडच्या चित्रपटात माणसं ओठ हलवत, रडत, भांडत, पण आवाज मात्र ऐकू येत नसे. चित्र बोलतं झालं, ही केवढी नवलाई वाटली असेल म्हणून तो शब्द थेट चित्रपटगृहाच्या पाटीवर जाऊन बसला!

ही नवलाई आपल्याकडे जिथे घडली ती जागा काही दूर नाही. डोंबिवलीहून जलद गाडीने दादर, तिथे पश्चिम रेल्वेची गाडी आणि ग्रँट रोडला उतरायचं. सकाळचा डबा-पोळ्यांचा धबडगा आटोपून निघालं तरी संध्याकाळच्या दिवेलागणीला घरी परत. डोंबिवली-ठाण्यातल्या कित्येक कुटुंबांचं मूळ बिऱ्हाड गिरगावातल्या चाळीतलं. लग्नकार्याला, गणपतीला आपण तिकडे जातोच. पुढच्या वेळी एक-दोन तास हातात ठेवून जा, एवढंच माझं सांगणं.

जाण्याआधी थोडी माहिती असली की बघण्यात गोडी येते. मूकपटाच्या काळात चित्रपटगृह काही अगदी मुकं नसे. पडद्याखाली पेटी-तबलावाले बसत आणि प्रसंग बघून वाजवत. मध्ये मध्ये पडद्यावर अक्षरं येत, 'राजा म्हणाला', 'राणी म्हणाली' अशी. ज्यांना वाचता येत नसे त्यांच्यासाठी कुणी तरी ती मोठ्याने वाचून दाखवी. त्या काळी वाचता न येणाऱ्यांत बायकाच जास्त, हे काय सांगायला हवं? म्हणजे पडद्यावरची राणी काय म्हणाली ते बाईला दुसऱ्या कुणाच्या तोंडून कळायचं.

आता तुम्ही म्हणाल, ग्रामोफोन होता, चित्रपट होता, मग दोन्ही एकत्र लावायला काय अडचण होती? सगळी अडचण तिथेच होती. अमेरिकेत एडिसनने १८९५ मध्येच तसा प्रयत्न केला होता. एका पेटीत डोकावून चित्र बघायचं आणि कानात नळ्या घालून आवाज ऐकायचा. १९१३ मध्ये त्याने मोठ्या पडद्यासाठी यंत्र आणलं. आवाजाचं यंत्र पडद्याजवळ, चित्र फेकणारं यंत्र प्रेक्षकांच्या मागे आणि दोघांना जोडायला कप्प्यांवरून नेलेली लांबलचक दोरी! दोरी जरा सैल पडली, माणसाचा हात जरा पुढेमागे झाला की पात्राचे ओठ मिटल्यावर शब्द ऐकू यायचा. लोक हसू लागायचे. शिवाय आवाज मोठा करायचं साधनही तेव्हा धड नव्हतं.

पुढे १९२६-२७ मध्ये अमेरिकेतच 'व्हिटाफोन' नावाची पद्धत निघाली. चित्राच्या प्रत्येक रिळाबरोबर सोळा इंचांची एक मोठी तबकडी, आणि दोन्ही फिरवणारी मोटर एकच. 'द जाझ सिंगर' हा ऑक्टोबर १९२७ चा गाजलेला चित्रपट या पद्धतीचा. पण फिल्म तर तुटायचीच. तुटली की खराब तुकडा कापून टाकून ती जोडायची. तबकडीतला आवाज काही कापता येत नाही. मग त्या जोडापासून पुढचं सगळं बोलणं मागेपुढे.

यावर उपाय निघाला तो असा, की आवाज चित्राच्या फिल्मवरच छापायचा. मायक्रोफोनने आवाजाची वीज करायची, विजेने प्रकाश कमीजास्त करायचा आणि तो फिल्मच्या कडेला एका बारीक पट्टीत टिपायचा. साडीला किनार असते ना, तशी ही आवाजाची किनार! दाखवताना किनारीतून दिव्याचा प्रकाश जातो, त्याची पुन्हा वीज होते आणि कर्ण्यातून आवाज येतो. फिल्म कापली तरी चित्र आणि आवाज बरोबरच कापले जातात.

यात एक गंमत आहे, आणि शिवणयंत्र चालवणाऱ्या बायकांना ती चटकन कळेल. सुई कापडात असते तेव्हा कापड थांबलेलं असतं, सुई वर गेली की पुढे सरकतं. चित्राची फिल्मही तशीच थांबत थांबत सरकते, सेकंदाला २४ वेळा. पण आवाजाला असे हिसके चालत नाहीत, तो सलगच वाचावा लागतो. म्हणून आवाज वाचायची जागा वेगळी ठेवली आणि प्रत्येक चित्राचा आवाज त्याच्या शेजारी न छापता वीस चित्रं पुढे, म्हणजे जवळजवळ सव्वा फूट पुढे छापला. शिवाय मूकपटाचं यंत्र पुष्कळदा हातानेच फिरवत. हात दमला की वेग कमी. बोलपटात तसं चालेना. सेकंदाला दीड फूट फिल्म, म्हणजे आपला कोपरापासून बोटांपर्यंतचा एक हात, ना कमी ना जास्त. वेग ढळला की आवाजही घोगरा नाही तर चिरका.

एवढं डोक्यात ठेवून ग्रँट रोडला उतरा आणि नाना चौकातून केनेडी पुलाकडे चला. पुलाखालून पश्चिम रेल्वेचे रूळ जातात. याच पुलाजवळ इंपीरियल कंपनीचा स्टुडिओ होता, ज्योती स्टुडिओ म्हणून तो पुढे ओळखला गेला. अर्देशीर इराणी यांनी 'आलम आरा' हा भारताचा पहिला बोलपट इथे तयार केला. मुंबईच्या एक्सेलसियर चित्रपटगृहात 'शो बोट' हा अमेरिकन चित्रपट बघून त्यांच्या मनाने ते घेतलं होतं.

मी पुलावर उभी राहिले तेव्हा सोबतच्या जावेशी धड बोलता येईना. वाक्य सुरू केलं की खालून गाडी. आपल्याकडे रुळांजवळ राहणाऱ्या घरांत ही सवयच असते. गाडी आली की थांबायचं, गेली की तिथूनच पुढे बोलायचं. पण सिनेमावाल्यांनी काय करावं? तेव्हाच्या स्टुडिओला बाहेरचा आवाज अडवणाऱ्या भिंती नव्हत्या. मूकपटाला त्यांची गरजच नव्हती. आता मायक्रोफोन राजकन्येचं बोलणं टिपणार तशी गाडीची शिटीही टिपणार. तेव्हा काम रात्री सुरू व्हायचं. एक वाजता गाड्या थांबायच्या, चारच्या सुमारास पुन्हा सुरू व्हायच्या. त्या दोन-तीन तासांच्या शांततेत हा चित्रपट चोरल्यासारखा थोडा थोडा टिपला गेला.

मायक्रोफोन दिसू नये म्हणून तो कुठे तरी लपवायचा. गाणं असलं की पेटी-तबलेवाल्यांनाही कॅमेऱ्याच्या नजरेआड दडवायचं, कारण चित्र आणि गाणं एकाच वेळी, एकाच फिल्मवर उतरत होतं. नंतर गाऊन जोडायची सोय नव्हती. शेवटच्या ओळीत कुणाला ठसका लागला तर सगळं पहिल्यापासून! 'आलम आरा'त अशी सात गाणी होती. यंत्र 'टॅनार' नावाचं, परदेशातून आणलेलं. ते शिकवायला विल्फोर्ड डेमिंग नावाचे अमेरिकन तंत्रज्ञ आले होते. त्यांची फी दिवसाला शंभर रुपये, आणि त्या काळचे शंभर! इराणींनी हिशेब केला आणि रुस्तुम भरुचांबरोबर ते काम स्वतःच शिकून घेतलं. परवडत नाही म्हणून हात आखडून न बसता शिकून घ्यायचं, हे आपल्याला काही नवीन नाही.

पुलावरून ऑपेरा हाऊसवरून पुढे गिरगावच्या मुख्य रस्त्याला लागा. या रस्त्याला जगन्नाथ शंकरशेठ यांचं नाव आहे. आपल्या ठाण्याला १६ एप्रिल १८५३ रोजी पहिली आगगाडी आली, पुढच्या वर्षी ती कल्याणला पोचली. ती रेल्वे यावी म्हणून खटपट करणाऱ्यांत नाना शंकरशेठ पुढे होते. मुंबईत रूळ आणायला झटणाऱ्या माणसाच्या नावाच्या रस्त्यावरच, रूळ निजल्यावर तयार झालेला बोलपट पहिल्यांदा लागला. ते मॅजेस्टिक सिनेमा. तारीख १४ मार्च १९३१. तिकिटासाठी एवढी झुंबड उडाली की पोलिसांना बोलवावं लागलं. चार आण्यांचं तिकीट बाहेर चार-पाच रुपयांना विकलं गेलं म्हणतात. मॅजेस्टिक १९७२ मध्ये पाडलं, त्या जागी मॅजेस्टिक शॉपिंग सेंटर उभं राहिलं. बायका तिथे खरेदी करत असतात, पण इथे काय घडलं होतं याची आठवण फार थोड्यांना असेल. तुम्ही गेलात तर क्षणभर थांबा, मग पीयूष प्या आणि पुढे चला.

मला स्वतःला त्याच्या पुढच्या वर्षाची गोष्ट अधिक महत्त्वाची वाटते. १९१३ मध्ये दादासाहेब फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र' काढला तेव्हा तारामतीचं काम करायला एकही बाई मिळाली नाही. शेवटी ग्रँट रोडच्या एका उपाहारगृहात काम करणाऱ्या अण्णा साळुंके या तरुणाने लुगडं नेसून तारामती उभी केली. ती मुकी तारामती लोकांनी बघितली ती याच गिरगावात, कॉरोनेशन चित्रपटगृहात. मग १९३२ मध्ये कोल्हापूरच्या प्रभात कंपनीने तीच कथा घेऊन 'अयोध्येचा राजा' हा मराठी बोलपट काढला. दिग्दर्शन व्ही. शांताराम यांचं, राजाच्या भूमिकेत गोविंदराव टेंबे आणि तारामती झाल्या दुर्गाबाई खोटे.

विचार करा, एकोणीस वर्षांत केवढा फरक! लुगडं नेसलेल्या मुक्या पुरुषाच्या जागी एक सुशिक्षित, लग्न झालेली, दोन मुलांची आई स्वतःच्या आवाजात बोलत होती, गात होती. पार्श्वगायन अजून आलंच नव्हतं. ते आपल्याकडे रुळलं १९३५ मध्ये, कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सच्या चित्रपटापासून. दुर्गाबाई चांगल्या घरातल्या लेक-सून. सासरची आर्थिक घडी बिघडली तेव्हा त्यांनी हे काम पत्करलं. त्याबद्दल लोकांचं बोलणंही त्यांनी खूप सोसलं. पण त्या पडद्यावर बोलल्या आणि वाचता न येणाऱ्या बाईलाही तारामतीचं दुःख थेट एका बाईच्या तोंडून, मराठीत कळलं. मध्ये वाचून दाखवणारं कुणी लागलं नाही.

अर्थात बोलपटाने सगळ्यांचंच भलं केलं असं नाही. पडद्याखालच्या पेटी-तबलेवाल्यांचं काम हळूहळू गेलं. मूकपटातली मोठी नटी सुलोचना, तिला हिंदुस्तानी नीट बोलता येईना. तिने काम थांबवलं, भाषा शिकली आणि मग परत आली.

आणि मनाला चुटपुट लावणारी गोष्ट ही, की 'आलम आरा'ची एकही प्रत आज उरलेली नाही. रात्री जागून टिपलेल्या त्या आवाजातला एक शब्दसुद्धा आपल्याला ऐकता येत नाही. उरली ती फक्त छायाचित्रं आणि जाहिराती, म्हणजे पहिला बोलपट पुन्हा मुका झाला! 'अयोध्येचा राजा' मात्र सुदैवाने टिकला. दुर्गाबाईंची तारामती आजही ऐकता येते. पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ मध्ये सुरू झालं. त्याच्या आधी जुन्या फिल्म जपून ठेवाव्यात असं फारसं कुणाला वाटलंच नव्हतं. काही भंगारात गेल्या, काही जळाल्या.

म्हणून शेवटी एक घरगुती गोष्ट सुचवते. आपल्या घरात सासूबाई असतील, आई असेल, आजेसासूबाई असतील. त्यांचे फोटो आपल्याकडे ढिगाने आहेत, पण आवाज आहे का? जात्यावरच्या ओव्या, मंगळागौरीची गाणी, लग्नातली विहिणींची भांडणं त्या ज्या ढंगात सांगतात तो ढंग फोटोत येत नाही. आज प्रत्येकीच्या हातात फोन आहे. इराणींना जे यंत्र परदेशातून आणावं लागलं ते आपल्या ओट्यावर पडलेलं असतं. पंखा बंद करा, टीव्ही बंद करा, फोन त्यांच्यापासून हातभर अंतरावर उशीवर ठेवा म्हणजे खरखर येणार नाही. आधी नाव, गाव आणि तारीख बोलून घ्या. 'गा हो' म्हटलं की बायका लाजतात, तेव्हा भाजी निवडता निवडता विषय काढावा. आणि टिपलेलं एकाच फोनमध्ये ठेवू नका. लेकीकडे एक, भावाकडे एक अशा दोन-तीन ठिकाणी प्रती ठेवा.

घर रुळांजवळ असेल तर दोन गाड्यांच्या मधली वेळ साधा. केनेडी पुलापाशी त्यांनीही तेच केलं होतं.