मेंदूच्या रेघा आणि बहात्तर तास

आमच्या रामाकोन्याकडे कुणाबद्दल 'नागपूरला नेलं' असं ऐकलं की माणसं आवाज खाली करतात. सर्दी-तापाला सौसर पुरतं, थोडं जास्त झालं तर छिंदवाडा. नागपूर म्हणजे दुखणं मोठं. २०२३ मध्ये पांढुर्णा वेगळा जिल्हा झाला, रेल्वेची छोटी लाइन जाऊन मोठी आली, पण मोठ्या दुखण्याचा रस्ता अजून तोच आहे : सौसर, सावनेर, नागपूर.

काही वर्षांपूर्वी याच रस्त्यानं आम्ही माझ्या काकाजींना नेलं. आंबिया बहराची संत्री तोडणीला आली होती. काकाजी सौसरला बँकेच्या कामाला गेले आणि दवाखान्यापासून हाकेच्या अंतरावर कोसळले. हृदय बंद पडलं होतं. सोबतच्या एका तरुणानं लगेच छाती दाबायला सुरुवात केली. दवाखान्यात शॉक दिल्यावर ठोके परत आले, पण शुद्ध आली नाही. नागपूरच्या अतिदक्षता विभागात पोचलो तेव्हा हृदय चालत होतं, श्वास मशीन देत होतं आणि आमचा माणूस मात्र कुठंतरी दूर होता.

हृदय पुन्हा सुरू झालं म्हणजे संकट टळलं असं वाटतं. पण खरी काळजी नंतर मेंदूची असते. रक्त थांबलं की दहा-पंधरा सेकंदांत शुद्ध हरपते. अर्ध्या मिनिटाच्या आसपास मेंदूच्या विजेच्या लहरी सपाट होतात. चार-पाच मिनिटं तसंच राहिलं तर पेशींना इजा व्हायला लागते. रक्त परत सुरू झाल्यावर मेंदू सावरतो का, किती सावरतो, हे बाहेरून बघून कळत नाही. माणूस झोपल्यासारखा दिसतो, एवढंच.

म्हणून दुसऱ्या दिवशी काकाजींच्या डोक्याला वीसेक तारा चिकटवल्या गेल्या. ही ईईजी तपासणी. १९२४ साली जर्मनीतल्या येना गावी हान्स बर्गर नावाच्या मनोविकारतज्ज्ञानं माणसाच्या मेंदूच्या लहरी पहिल्यांदा टिपल्या आणि १९२९ मध्ये ते छापलं. हृदयाच्या ईसीजीत जी वीज मोजतात ती साधारण एका व्होल्टचा हजारावा हिस्सा असते. डोक्याच्या त्वचेवर पोचणारी मेंदूची वीज त्याहून कितीतरी बारीक, लाखाव्या हिश्श्याच्या घरातली. म्हणून आजूबाजूच्या मशीनची, हलणाऱ्या तारेचीसुद्धा त्यात खोटी रेघ उमटू शकते.

काकूनं जामसावळीच्या हनुमानाचा अंगारा आणला होता. आमच्या भागात आजारी माणसासाठी त्या निजलेल्या हनुमानाला साकडं घालण्याची रीत आहे. तिला अंगारा कपाळाला लावायचा होता, पण कपाळावर तारा होत्या. तंत्रज्ञ मुलगी समजूतदार होती. म्हणाली, "काकू, तारा काढल्या की लावा. आत्ता एक काम करा, त्यांना जोरात नावानं हाक मारा."

काकूनं आयुष्यात नवऱ्याचं नाव घेतलं नव्हतं. ती पलंगाजवळ गेली आणि नेहमीच्या आवाजात म्हणाली, "अवो, ऐकलं का? बगीच्यात मजूर येऊन बसले. चला घरी."

पडद्यावरच्या रेघा क्षणभर बदलल्या. आम्हाला त्यातलं काही कळत नव्हतं, पण त्या मुलीनं तिथं खूण केली.

संध्याकाळी डॉक्टरांनी आम्हाला बसवून समजावलं. हृदय सुरू झाल्यावर पहिल्या दिवसात लहरी सलग परत आल्या तर ते चांगलं लक्षण. हाक मारली, चिमटा काढला आणि रेघ बदलली तर तेही चांगलं. चोवीस तास उलटल्यावरही रेघ सपाटच असेल, किंवा सपाट रेघेत मधेच एक उसळी आणि पुन्हा शांतता असं चालू असेल, तर लक्षण वाईट. दादानं विचारलं, "म्हणजे आमचे बाबा नक्की वाचणार?" डॉक्टर म्हणाले, "लक्षण चांगलं आहे. नक्की आज नाही सांगता येत. बहात्तर तास होऊ द्या."

तेव्हा ते उत्तर टाळाटाळीचं वाटलं होतं. पुढं याविषयी वाचत गेलो तसं कळलं की तेच प्रामाणिक उत्तर होतं. बेशुद्ध रुग्णाला दिलेली गुंगीची औषधं लहरी दाबतात. त्यामुळं औषधाचा परिणाम उतरायच्या आधी मंद दिसणारी रेघ मेंदूची आहे की औषधाची, हे सांगणं कठीण. युरोपातल्या तज्ज्ञांच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार, शुद्धीवर न आलेल्या रुग्णाबद्दल आशा नाही असं म्हणायचं तर किमान बहात्तर तास थांबायचं. आणि एकट्या ईईजीवर विसंबायचं नाही. बाहुल्यांची हालचाल, मनगटाच्या नसेला दिलेला झटका मेंदूपर्यंत पोचतो का ही चाचणी, रक्ततपासणी, स्कॅन यांपैकी किमान दोन गोष्टी एकच सांगत असतील तरच तसं बोलायचं.

आता संगणकही या रेघा वाचायला शिकतोय. २०२३ मध्ये एक जागतिक स्पर्धा झाली. हृदय बंद पडून बेशुद्ध झालेल्या १,०२० रुग्णांच्या नोंदी त्यासाठी गोळा केल्या होत्या. सात रुग्णालयं, सगळी अमेरिका-युरोपातली. कुणाचा मेंदू सावरणार नाही हे ओळखणारे प्रोग्रॅम संशोधकांनी लिहायचे होते. गुण मोजण्याचा नियम वाचला आणि मी थबकलो : जे प्रत्यक्षात सावरले, अशा वीसजणांत एकाला चुकून 'आशा नाही' म्हटलं तरी चालेल. स्पर्धेसाठी कुठंतरी रेषा आखावीच लागते. पण तो विसावा माणूस कुणाचा तरी काकाजी असतो.

अशी चूक पुन्हा उघडकीलाही येत नाही. 'आशा नाही' म्हटलं, मशीन काढलं, माणूस गेला, म्हणजे अंदाज बरोबर ठरला! जगभरचे डॉक्टर या चक्राला घाबरतात. आपल्याकडे त्याचं रूप जरा वेगळं आहे. इथं पुष्कळदा बहात्तर तासांच्या आधी पैसे संपतात. आमच्याच घरी तिसऱ्या रात्री तोडणीआधीच बाग व्यापाऱ्याला देऊन टाकायचं ठरत होतं, आणि एक नातेवाईक 'आता घरी न्या' म्हणत होते. त्या क्षणी दादाला धीर दिला तो त्या रेघेनं. ती बरं होण्याची हमी नव्हती, पण थांबण्याला कारण होतं.

शेजारच्या खाटेवर एक तरुण मुलगा होता. त्याची रेघ सपाटच राहिली, बाकीच्या तपासण्याही तेच सांगत होत्या. चौथ्या दिवशी डॉक्टरांनी त्याच्या आईवडिलांना बाजूला बसवून स्पष्ट सांगितलं. त्या आईचा हुंदका अजून कानात आहे. पण त्यांना खोट्या आशेवर महिनाभर टांगून ठेवलं गेलं नाही. ही तपासणी आम्हाला जशी उपयोगी पडली, तशीच त्यांनाही पडली असं मला वाटतं.

असे प्रश्न आपल्याकडे कोर्टापर्यंत गेले आहेत. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्या मेंदूचा प्राणवायू १९७३ मध्ये गळा आवळल्यामुळं तुटला. २०१५ पर्यंत, बेचाळीस वर्षं, तिथल्या परिचारिकांनी त्यांना सांभाळलं. त्यांच्याच खटल्यात सुप्रीम कोर्टानं २०११ मध्ये उपचार थांबवण्याचा विषय पहिल्यांदा सविस्तर हाताळला. २०१८ मध्ये आपली इच्छा आधीच लिहून ठेवण्याला मान्यता मिळाली आणि २०२३ मध्ये त्याची पद्धत सोपी झाली. घरातल्या मोठ्यांशी हे एकदा शांतपणे बोलून ठेवावं. दवाखान्याच्या व्हरांड्यात ते जमत नाही.

काकाजींनी सहाव्या दिवशी डोळे उघडले. आज ते बगीच्यात जातात. काल काय जेवले ते विसरतात, पण तीस वर्षांपूर्वीचा संत्र्याचा भाव चोख सांगतात. काकू म्हणते, "मले चालते तेवढं."

वाचकहो, तुमच्यावर अशी वेळ आली तर डॉक्टरांना तीन गोष्टी जरूर विचारा : ईईजी केव्हा काढला, तेव्हा गुंगीचं औषध चालू होतं का, आणि दुसऱ्या कोणत्या तपासणीनं तेच सांगितलं. आणि त्याआधीची एक गोष्ट शिकून ठेवा. समोर कुणी कोसळलं, हाकेला ओ देत नसेल आणि श्वास नीट चालत नसेल, तर १०८ ला फोन लावून छातीच्या मधोमध जोरात दाबत राहायचं, मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा, पाच-सहा सेंटीमीटर खोल. नागपूरच्या पडद्यावर चांगली रेघ उमटायची असेल, तर तिची सुरुवात सौसरच्या रस्त्यावर कुणाच्या तरी हातांनी व्हावी लागते.