शिक्का बसलेलं तिकीट

पोस्टाची तिकिटं जमवणं हा आपल्याकडे पोराटोरांचा नाद समजला जातो. मॅट्रिकपर्यंत ठीक, पुढे माणसानं शहाणं व्हावं अशी अपेक्षा असते. मी सत्तरीला टेकलो तरी शहाणा झालो नाही. त्यातून माझी तिकिटं ना आपल्या देशाची, ना मक्का-मदिनेच्या मुलखाची. ती आहेत अमेरिकेची, आणि तीही १८४७ ते १९०० या काळातली. ‘तुझा आणि त्या मुलखाचा संबंध काय?’ असं विचारणारे मला आजही भेटतात. प्रश्न रास्त आहे, म्हणून त्याचं उत्तर जरा सविस्तर देतो.

रत्नागिरी जिल्ह्यातल्या आमच्या खाडीकाठच्या मोहल्ल्यात घरटी एक तरी माणूस बोटीवर असायचा. माझे नाना, म्हणजे आईचे वडील, इंग्रजी कंपनीच्या बोटीवर आगवाले होते. बॉयलरमध्ये कोळसा टाकायचा, हे त्यांचं काम. एका फेरीत न्यूयॉर्कहून येताना त्यांनी आम्हा पोरांसाठी जुन्या तिकिटांचं एक पाकीट आणलं. नानांना लिहिता-वाचता येत नव्हतं. घरी धाडायचं पत्र ते दुसऱ्याकडून लिहून घेत आणि नानी ते मदरशातल्या मुलाकडून वाचून घेत. पण तिकीट म्हणजे काय ते दोघांनाही पक्कं ठाऊक होतं. तिकीट लागलं, शिक्का बसला, म्हणजे खबर पोहोचली. माणूस जिवंत आहे.

त्या पाकिटात बहुतेक हिरवी, तीन सेंटची, वॉशिंग्टनच्या चेहऱ्याची तिकिटं होती. १८७० नंतर अमेरिकेत ती इतकी खपली की आजही ती कवडीमोलानं मिळतात. पण त्यांत एक निळं, जवळजवळ चौकोनी तिकीट होतं, आणि त्यावर धूर सोडत निघालेलं रेल्वेचं इंजिन. आगवाल्याच्या नातवाला आणखी काय हवं? ते १८६९चं आहे हे मला पुष्कळ वर्षांनी कळलं. तिथून या नादाला खरी सुरुवात झाली.

अमेरिकेनं देशभरासाठी पहिली तिकिटं काढली ती १ जुलै १८४७ रोजी. इंग्लंडचं ‘पेनी ब्लॅक’ त्याआधी सात वर्षं, १८४० साली आलेलं. अमेरिकेची दोनच तिकिटं होती: पाच सेंटचं तपकिरी, बेंजामिन फ्रँकलिनचं, आणि दहा सेंटचं काळं, जॉर्ज वॉशिंग्टनचं. अर्ध्या औंसाचं पत्र तीनशे मैलांच्या आत जायचं असेल तर पाच सेंट, त्यापुढे दहा. पण तिकीट लावायची सक्ती नव्हती. पत्र घेणाऱ्यानं पैसे मोजायचे, हीच जुनी रीत. पैसे आधी भरण्याची सक्ती झाली १८५५ साली.

या पहिल्या तिकिटांना छिद्रं नव्हती. पोस्टातला कारकून कात्रीनं कापून द्यायचा. कात्री सरळ चालली तर तिकिटाच्या चारी बाजूंना कोरा समास राहायचा. घाई असली तर नक्षीच कापली जायची. आज ज्या तिकिटाला चारी बाजूंनी भरघोस समास आहे, त्याची किंमत कापल्या गेलेल्या तिकिटाच्या कितीतरी पट. म्हणजे दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वीच्या कुणा अनोळखी कारकुनाचा हात स्थिर होता की नाही, यावर आजचा भाव ठरतो!

१८५७ पासून छिद्रं आली, पण त्यानं दुखणं गेलं नाही, नुसतं बदललं. छपाईचे ठसे होते छिद्रांच्या आधीचे. दोन तिकिटांमध्ये छिद्रांसाठी जागाच सोडलेली नव्हती. त्यामुळे छिद्रं बहुधा चित्रात घुसायची. त्या काळचं नेमकं मधोमध बसलेलं तिकीट म्हणूनच दुर्मिळ. या छंदात ‘दर्जा’ म्हणतात तो हाच: चित्र मधोमध आहे का, रंग ताजा आहे का, कागद कुठे पातळ झालाय का, छिद्रांचे दात शाबूत आहेत का, आणि कोरं असेल तर मागचा डिंक मूळचाच आहे का.

जिथं दर्जाला पैसा, तिथं लबाडी आलीच. मागून नवा डिंक फासतात, छिद्रं नव्यानं पाडतात. १८४७च्या पुष्कळ तिकिटांवर पोस्टमास्तरांनी शिक्क्याऐवजी पेनानं रेघ मारलेली असते. ती रेघ रसायनानं धुऊन तिकीट ‘कोरं’ म्हणून विकतात. म्हणून भारी तिकीट घेताना तज्ज्ञांच्या संस्थेचा दाखला मागायचा. न्यूयॉर्कची फिलॅटेलिक फाउंडेशन १९४५ पासून हे काम करते. शंका घेणं हा एरवी दुर्गुण, पण या बाजारात तो फर्ज आहे.

धुण्याचा धाक खुद्द पोस्टखात्यालाही होता. लोक शिक्क्याची शाई धुऊन तेच तिकीट पुन्हा लावतील, या भीतीनं १८६७च्या सुमारास तिकिटांवर बारीक जाळीचा दाब देऊ लागले. कागदाचे तंतू तुटायचे आणि शाई आत मुरायची. या जाळीचे अनेक प्रकार आहेत. त्यांतल्या ‘झेड’ जाळीचं एक सेंटचं फ्रँकलिनचं तिकीट जगात दोनच नग ठाऊक आहेत. एक न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयाच्या मालकीचं, म्हणजे संग्राहकांच्या हाती येणारं एकच. २००५ साली ते १९१८च्या उलट्या विमानाच्या चार तिकिटांच्या जोडठोकळ्याशी अदलाबदल करून घेतलं गेलं, आणि २०२४ साली लिलावात त्याला चाळीस लाख डॉलरांहून जास्त किंमत आली. गंमत अशी की दोन्ही तिकिटं वापरलेली आहेत, दोन्हींवर शिक्का आहे. बाजार एरवी कोऱ्या, न हाताळलेल्या तिकिटापुढे झुकतो. पण एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकेचं सर्वांत मोलाचं समजलं जाणारं तिकीट मात्र आपलं काम करून बसलेलं आहे.

आता माझ्या इंजिनाकडे येतो. १८६९ पूर्वी अमेरिकेच्या तिकिटांवर नुसते थोर पुरुषांचे चेहरे असत. या मालिकेत पहिल्यांदा चित्रं आली. टपाल नेणारा घोडेस्वार, रेल्वे, आगबोट, कोलंबसाचं किनाऱ्यावर उतरणं, स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याची सभा. लोकांना ती आवडली नाहीत. आकार लहान, डिंक वाईट, अशी ओरड झाली आणि वर्षभरात मालिका गुंडाळली. आज तीच संग्राहकांची लाडकी आहे. तिच्यातली मोठ्या किमतीची तिकिटं दोन रंगांची होती. कागद यंत्रातून दोनदा जायचा. दुसऱ्या वेळी तो उलटा लागला की चौकट सरळ आणि चित्र डोक्यावर! अशी उलटी तिकिटं पंधरा, चोवीस आणि तीस सेंटची सापडली आहेत. (आपल्याकडे ही किमया त्याआधीच झाली होती, १८५४च्या चार आण्यांच्या तिकिटावर राणी व्हिक्टोरिया उलटी छापली गेली.)

याच मालिकेतलं सर्वांत भारी, नव्वद सेंटचं लिंकनचं तिकीट लावलेलं एकच पाकीट आजवर सापडलंय. सोबत दहा आणि बारा सेंटची तिकिटं. १८७३ साली ते बोस्टनहून निघालं आणि आलं कुठे, तर कलकत्त्याला! पत्त्यात लिहिलं होतं ‘आइस हाउस’. बोस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडरनं १८३३ पासून तिकडच्या तळ्यांतला बर्फ कापून, लाकडाच्या भुशात गुंडाळून जहाजानं कलकत्त्याला धाडायला सुरुवात केली होती. पुढे मुंबई आणि मद्रासलाही बर्फघरं झाली. मद्रासचं आजही उभं आहे, विवेकानंदांच्या नावानं. हिंदुस्थानात कारखान्यातला बर्फ निघू लागला आणि तो धंदाच विरघळला. ते पाकीट १९६७ साली इंडियानापोलिसच्या एका संग्राहकाकडून चोरीला गेलं आणि २००६ साली शिकागोत पुन्हा प्रकट झालं. मी ते फक्त छापलेल्या चित्रात पाहिलंय. पण ते पाहिल्यापासून ‘तुझा काय संबंध’ या प्रश्नाला मी कमी घाबरतो. बोस्टनहून बर्फ इथे येत होता, आमचे आगवाले इथून न्यूयॉर्कला जात होते. समुद्राला हद्दी कमी असतात.

दुसरा संबंध मात्र बोचणारा आहे. १८९३ साली शिकागोच्या प्रदर्शनानिमित्त कोलंबसाच्या सफरीला चारशे वर्षं झाल्याची सोळा तिकिटं निघाली, एक सेंटपासून पाच डॉलरपर्यंत. एवढं महाग तिकीट लावतो कोण, म्हणून त्या वेळच्या संग्राहकांनी निषेधही केला. छपाई मात्र अप्रतिम. एक सेंटच्या तिकिटात कोलंबसाला जमीन दिसते तेव्हा त्याला दाढी नाही, आणि दोन सेंटच्या तिकिटात तो त्या जमिनीवर उतरतो तेव्हा भरघोस दाढी! पोरांना ही गंमत फार आवडते.

पण या मालिकेत पुनःपुन्हा येते ती राणी इझाबेला. अमेरिकेच्या तिकिटावर झळकलेली ही पहिली स्त्री. तिला पाहिलं की मला २ जानेवारी १४९२ आठवतो. त्या दिवशी गरनाता, म्हणजे ग्रॅनाडा, तिच्या आणि फर्डिनांडच्या ताब्यात गेलं. अल-हमराच्या चाव्या दिल्या गेल्या आणि अंदलुसमधलं शेवटचं मुस्लिम राज्य संपलं. कोलंबसाशी करार झाला तो त्याच वर्षी एप्रिलमध्ये, गरनात्याच्या वेढ्यासाठी उभारलेल्या सांता फे या छावणीच्या गावात. पन्नास सेंटच्या तिकिटावर परत फिरलेल्या कोलंबसाला राणीचा दूत बोलवायला आलाय, ती वाट गरनात्याचीच. तिकिटावर गरनाता कुठेच नाही, त्याच वर्षी देशाबाहेर काढलेले यहुदी नाहीत. अमेरिकेतले मूळचे लोक आहेत, पण दहा सेंटच्या तिकिटावर दरबारात पेश केलेल्या वस्तूंसारखे. तिकीट खोटं बोलत नाही, पण ते काय सांगायचं आणि काय नाही हे काढणारा ठरवतो. भिंग धरून बसणाऱ्यानं समासाबरोबर हेही मोजायला हवं.

याच मालिकेतलं एक डॉलरचं तिकीट माझ्या संग्रहातलं सर्वांत भारी होतं. राणी आपले दागिने गहाण ठेवते आहे, असं त्यावरचं चित्र. (इतिहासकार सांगतात, दागिने गहाण पडलेच नाहीत, ती दंतकथा.) कोरं, मूळ डिंकाचं, मधोमध बसलेलं, दाखल्यासकट. निवृत्तीच्या पैशातून एक वाटा काढून ते मी अमेरिकेतल्या आतेभावामार्फत घेतलं. घरात तेव्हा शब्द उच्चारला गेला: इस्राफ. उधळपट्टी. बेगम काही बोलली नाही, पण मुलगा बोलला. तो शब्द मुसलमानाला लागतो तसा दुसरा कुठला लागत नाही.

रमजानमध्ये जकातीचा हिशेब करताना मी आमच्या मौलानांना विचारलं, या तिकिटांची जकात किती? त्यांनी अल्बम हातात घेतला, सावकाश पानं उलटली आणि विचारलं, “घेताना नियत काय होती? विकायची की ठेवायची?”

“ठेवायची,” मी म्हटलं.

“मग ही तिजारत नाही, जकात नाही. पण मियाँ, ठेवणं आणि दडवून ठेवणं यात फरक करा. गरज पडली तर हातातून सुटतं का, ते बघा.”

गरज पडली. आखातातली मुलाची नोकरी गेली, त्याच वर्षी नातीला फार्मसीला प्रवेश मिळाला. तिची आई बांगड्या मोडायच्या गोष्टी करू लागली. मी अल्बममधून इझाबेला काढली. आतेभावाच्या मुलानं ती तिकडच्या लिलावात विकून दिली, आणि पहिल्या वर्षाची फी निघाली. मुलगा फोनवर म्हणाला, “अब्बा, तुमची आवडीची चीज गेली.” मी म्हटलं, “जे तिकीट सव्वाशे वर्षं कुठं पोहोचलं नव्हतं, ते आज पोहोचलं.” नात तेवढी गप्प राहिली. तिला तिकिटांतलं फार काही कळत नाही, पण आजोबांचं कळतं.

खोटं कशाला सांगू, जागा रिकामी दिसते तेव्हा वाईट वाटतं. कोऱ्या तिकिटाला एक सौंदर्य असतंच. छापखान्यातून निघालं तसं, कुणाच्या घामाचा डाग नाही. पण आता पैसे नसताना मी ज्या तिकिटांकडे वळलो, त्यांनी मला जास्त सोबत दिली. कनेक्टिकटमधल्या वॉटरबरी गावात जॉन हिल नावाचा एक पोस्टातला माणूस होता. तो फावल्या वेळात बुचाच्या लाकडावर शिक्के कोरायचा. १८६९ साली त्यानं धावती कोंबडी कोरली. तिचे ठसे आज संग्राहक जिवापाड जपतात आणि ते माझ्या आवाक्याबाहेर आहेत. पण त्या काळी गावोगावचे पोस्टमास्तर तारे, फुल्या, चक्रं कोरत होते. असे ठसे साध्या तीन सेंटच्या तिकिटांवर अजून स्वस्तात सापडतात.

ज्यांना हा नाद करायचा आहे त्या तरुणांना मी एवढंच सांगतो: तिथूनच सुरुवात करा. कोलंबसाचं दोन सेंटचं तिकीट शंभर कोटींहून जास्त छापलं गेलं. वापरलेलं असेल तर चहाच्या पैशात मिळतं. त्यातून नीट मधोमध बसलेलं, स्वच्छ शिक्क्याचं एक निवडून काढा. शंभर पाहाल तेव्हा एक सापडेल, आणि शंभर पाहताना नजर तयार होईल. भारी तिकीट दाखल्याशिवाय घेऊ नका. कर्ज काढून तर मुळीच घेऊ नका. आणि घेताना स्वतःला एकदा मौलानांचा प्रश्न विचारा.

नानांचं निळं इंजिन अजून माझ्याकडे आहे. छिद्रं एका बाजूनं चित्रात घुसलीत, एक दात तुटलाय, काळा शिक्का धुराड्यावरच बसलाय. दर्जाच्या हिशेबात ते कुठेच बसत नाही. कुणी तरी कुणाला तरी काही कळवलं होतं, आणि ते पोहोचलं होतं, एवढी एकच गोष्ट त्याच्या बाजूनं आहे.