दारात, दाराशी, दारावर

इंग्रजी शब्दांचे पर्याय शिकविणे हा आमचा गेल्या पंचवीस-तीस वर्षांचा धंदा आहे. आणि धंद्यात मुरलेल्या माणसास जी एक प्रकारची बेफिकिरी येते ती आम्हांसही आलेली आहे. 'डोअर' म्हणजे दार, 'गेट' म्हणजे फाटक, 'एन्ट्रन्स' म्हणजे प्रवेशद्वार, 'थ्रेशोल्ड' म्हणजे उंबरठा, 'पोर्टल' म्हणजे महाद्वार, एवढी जंत्री फळ्यावर लिहावी आणि खडूचे हात झटकून मोकळे व्हावे असा आमचा शिरस्ता. पैकी 'पोर्टल' हल्लीच्या मुलांस आमच्याहून अधिक ठाऊक असते. शिष्यवृत्तीचा अर्ज ज्यातून आत जावयाचा, आणि शेवटच्या तारखेस जे हमखास अडून बसावयाचे, ते पोर्टल. कॅथीड्रलच्या कमानीशी त्यांस काय कर्तव्य?

वास्तविक ह्या जंत्रीतील एकेका शब्दापाशी घटकाभर थांबावे अशी त्यांची योग्यता आहे. 'डोअर' हा आपल्या 'द्वारा'चा सख्खा भाऊबंद. फारसीतील 'दर' त्याच कुळातला. 'दरबार', 'दरवाजा', 'दरवान' ही मंडळी त्याच्याच बोटास धरून आपल्या मराठीत आली. म्हणजे आपण 'दार' म्हणा की 'दरवाजा' म्हणा, एक घरच्या वाटेने आला आणि दुसरा इराणातून आला, एवढाच काय तो भेद. भाषाशास्त्राच्या नियमाप्रमाणे संस्कृतात खरे म्हणजे 'ध्वार' असे रूप व्हावयास हवे होते. ते 'द्वार' का झाले ह्याविषयी पंडितांचा एक तर्क असा आहे की, दाराला फळ्या दोन, तेव्हा 'द्वि' ह्या शब्दाच्या शेजाराने त्याचा महाप्राण गेला. हा तर्क आम्हांस फार आवडतो, आणि दर वर्षी सांगताना आम्ही दोन्ही हातांनी काल्पनिक फळ्या उघडूनही दाखवितो.

'गेट'ची कथा आणखी गमतीची. इंग्लंडातील यॉर्क शहरी नव्याने गेलेला मनुष्य हटकून फसतो. तेथे स्टोनगेट, पीटरगेट, मिकलगेट आहेत. पण ही सारी रस्त्यांची नावे! इ. स. 866 मध्ये डेन लोकांनी ते नगर घेतले आणि त्यांच्या भाषेतला रस्ता ह्या अर्थाचा शब्द तेथे कायमचा राहिला. तटाच्या खऱ्याखुऱ्या वेशींस यॉर्ककर 'बार' म्हणतात. तेव्हा मिकलगेटच्या टोकास जी वेस आहे तिचे नाव 'मिकलगेट बार', म्हणजे थोरल्या रस्त्याची वेस. आणि ह्या 'मिकल'चे नाते आपल्या 'महत्' शब्दाशी पोचते. 'विकेट' हा शब्दही मूळचा दाराचाच. पुण्याच्या शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाज्यास जशी दिंडी आहे, तसे मोठ्या दारातले धाकटे दार ते विकेट. क्रिकेटमध्ये पूर्वी दोनच यष्ट्या व त्यांवर एक आडवी काडी असे. ते ध्यान अशा दारासारखे दिसे म्हणून हे नाव पडले. वर्गातली मागच्या बाकावरची मुलेही एवढ्यापुरती मान वर करतात.

गेल्या सत्रात भाषांतराच्या तासाला आम्ही एक अगदी बाळबोध वाक्य दिले. 'देअर इज अ बॉय अ‍ॅट द डोअर.' बहुतेकांनी 'दारात एक मुलगा उभा आहे' असे लिहिले; काहींनी 'दाराशी' लिहिले. एका मुलाने मात्र 'दारावर एक मुलगा आला आहे' असे केले. आम्ही त्याचा अर्धा गुण कापला, आणि दुसऱ्या दिवशी वर्गात ह्यावर मोठ्या हौसेने व्याख्यान दिले. आम्ही म्हणालो, इंग्रजाने दारासाठी नामे पुष्कळ केली. आपणही वेस, देवडी, दिंडी, परसदार अशी केली. परंतु मराठीची खरी करामत त्यापुढच्या प्रत्ययांत आहे. 'दारात' येतो तो शेजारी. 'दाराशी' थांबतो तो पाहुणा किंवा टपालवाला. 'दारी' येतात ते जावई, सनई आणि साधुसंत. आणि 'दारावर' येतो तो भिकारी किंवा फेरीवाला. व्याकरण ह्यांस सप्तमी, तृतीया, शब्दयोगी अव्यय अशी नावे देते. पण कोणास किती आत घ्यावयाचे ह्याचा सारा हिशेब त्यात आलेला असतो. व्याख्यान उत्तम झाले.

तो मुलगा उभा राहिला. आवाज चढविल्याशिवाय त्याने विचारले, "सर, पण तो मुलगा कोण आहे हे वाक्यात कुठे सांगितलंय?"

तास संपल्याची घंटा झाली म्हणून आम्ही वाचलो.

आम्ही सातवीत असताना आमच्या बाकावर एक मुलगा बसे. नकाशे त्याच्यासारखे कोणी काढीत नसे. त्याचे घर ओढ्यापलीकडे होते. आमच्या गावात ओढ्यापलीकडे कोण राहत, हे वाचकांस निराळे सांगावयास नको. एका रविवारी भूगोलाची आमची वही परत करण्यास तो आला. आजीने आत येऊन सांगितले, "अरे, दारावर कोणी पोरगा आलाय बघ." आम्ही ओटीवर गेलो. तो दारावर नव्हता, दाराशीही नव्हता. अंगणात, पायरीच्या खाली उभा होता. आम्ही हात पुढे केला. मागून आजी म्हणाली, "पायरीवर ठेव म्हणावं." त्याने वही पायरीवर ठेविली आणि तो गेला. आम्ही ती उचलली. 'आत ये' हे दोन शब्द आम्हांस त्या वेळी येत नव्हते असे नाही.

आमची आजी दुष्ट नव्हती. उन्हातान्हात आलेल्या कोणासही ती ताक दिल्यावाचून जाऊ देत नसे. पेला मात्र वेगळा असे. ती दर आषाढीस पंढरीस जाई. तेथे महाद्वारी नामदेवांच्या पायरीवर माथा टेकी, आणि समोरच चोखोबांची समाधी, तिलाही हात जोडी. चोखोबांस आत जाण्याची मुभा नव्हती, हे ती डोळ्यांत पाणी आणून आम्हांस सांगे. साने गुरुजींनी 1947 मध्ये उपोषण केले आणि ते देऊळ सर्वांस उघडे झाले, हेही तिनेच सांगितलेले. आमची ती वही पायरीवर ठेविली गेली त्यानंतर तीस-पस्तीस वर्षांनी.

सोमवारी शाळेत तो आमच्याच बाकावर बसला. कोणीच काही बोलले नाही. त्यानंतर त्याने आमची वही मागितली नाही आणि आम्हीही त्याची मागितली नाही.

'फॉरेन' हा शब्द लॅटिनमधील 'दाराबाहेर' अशा अर्थाच्या शब्दापासून निघाला आहे, आणि तो शब्द पुन्हा आपल्या द्वाराच्याच कुळातला. हेही आम्ही दर वर्षी वर्गात सांगत आलो आहोत, आणि विलायतेच्या गोष्टी काढून मुलांस हसवीत आलो आहोत.

उत्तरपत्रिका परत करण्यापूर्वी आम्ही तो कापलेला अर्धा गुण लाल शाईनेच पुन्हा दिला आणि बाजूस सही केली. मुलगा कागद घेऊन टेबलापाशी आला. आपली बेरीज चुकली असावी असे त्यास वाटले. "बेरीज बरोबर आहे," आम्ही म्हणालो. तो क्षणभर उभा राहिला, आणि कागदाची घडी घालून निघून गेला.