दोन मजली घर आणि चार वाटे

पुण्याच्या गुरुवार पेठेतील एका इमारतीत चौथा आणि पाचवा मजला मिळून एक प्रशस्त घर विक्रीस निघाले. पाच खोल्या, आतून जिना, पूर्वेकडे गच्ची, मंदिर व बाजारपेठ पायी अंतरावर, असा जाहिरातीचा मजकूर होता. त्यात खोटे काही नव्हते. घराचे मालक नेमके किती, हे मात्र ती लिहिणाऱ्या दोन भावांनाही ठाऊक नव्हते.

गुरुवार पेठ पेशवाईतली. तिचे जुने नाव वेताळ पेठ. एका बाजूस रविवार पेठेची दुकाने, पलीकडे नाना आणि भवानी पेठांतील भुसार बाजार आणि पेठेतच गोडीजी पार्श्वनाथांचे मंदिर. सकाळी दर्शन, दिवसभर दुकान आणि सूर्यास्तापूर्वी घरी भोजन, हे सारे चालत साधता येई. म्हणूनच जुना वाडा पाडून इमारत झाली, तेव्हा वडिलांनी पेठ सोडली नाही. स्वकमाईतून त्यांनी दोन मजले घेतले. खाली स्वयंपाकघर व बैठक, वर निजण्याच्या खोल्या आणि जिन्याखालच्या कपाटात दुकानाच्या वह्या, अशी त्यांनी मांडणी केली.

पुढे घाऊक बाजार गुलटेकडीच्या मार्केट यार्डात गेला. मुलगेही बिबवेवाडीस राहावयास गेले. गल्लीत मोटार उभी करण्यास जागा उरली नाही. लिफ्ट चौथ्या मजल्यापर्यंतच असल्याने गुडघ्यांनी थकलेल्या आईने वरचा मजला कित्येक वर्षांत पाहिला नव्हता. घर विकणे शहाणपणाचेच होते.

ग्राहक लवकर मिळाला. त्याला कर्ज देणाऱ्या बँकेच्या वकिलांनी कागद मागितले. सोसायटीच्या भागपत्रावर नामनिर्देशनानुसार थोरल्या मुलाचे नाव लागलेले होते आणि तेवढे पुरेसे आहे, अशी भावांची समजूत होती. वकिलांनी ती दूर केली. नामनिर्देशित व्यक्ती वारसांच्या वतीने मालमत्ता सांभाळते. केवळ नामनिर्देशनाने ती मालक होत नाही. वडिलांनी मृत्युपत्र केले नव्हते. हिंदू उत्तराधिकार कायदा, १९५६ जैनांनाही लागू आहे आणि त्यानुसार अशा स्वकष्टार्जित मालमत्तेत पत्नी, मुलगे आणि मुलगी यांचा वाटा सारखा असतो. म्हणजे आई, दोन भाऊ आणि बार्शीस दिलेली बहीण, प्रत्येकाचा एक चतुर्थांश.

मग आई व बहीण यांच्यासाठी हक्कसोडपत्राचा मसुदा तयार झाला. दोघी सही करतीलच, असे सर्वांनी गृहीत धरले होते. बहिणीने मसुदा दोनदा वाचला. ‘स्वखुशीने व विनामोबदला’ या शब्दांवर ती थांबली. तिने भांडण केले नाही, इतकेच विचारले, “दादा, आईला कोणी विचारलं का?”

कोणी विचारले नव्हते. आई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “दुकानातून भागीदार निघाला, तर तुम्ही त्याचं भांडवल पैशापैशानं मोजून देता. आम्ही दोघी या घरात भागीदार नव्हतो का?”

दुकानाच्या भाषेत विचारलेला प्रश्न दुकानदार मुलांना लगेच उमगला. थोरल्याने मसुदा बाजूला ठेवला. खरेदीखतात विकणारे म्हणून चौघांची नावे घालावयाची आणि रक्कम चौघांच्या स्वतंत्र खात्यांत घ्यावयाची, असे ठरले. आईच्या पैशातून बिबवेवाडीत तळमजल्यावर दोन खोल्यांचे घर तिच्याच नावे घेतले जाणार आहे. विक्रीनंतर दोन वर्षांच्या आत घर खरेदी केल्यास भांडवली नफ्यावरील करात मिळणारी सवलत तिला तिच्या हिश्श्यापुरती घेता येईल. बहिणीने आपला वाटा संकोच न करता स्वीकारला आणि भाऊबीजेस ती नेहमीप्रमाणे आली.

वाटा मागितला तर माहेर तुटते, या भीतीने कित्येक बहिणी न वाचताच सही करतात. एखादीने जाणून, मनापासून हक्क सोडला, तर तो तिचा मोठेपणा. पण गृहीत धरून घेतलेल्या सहीला दान म्हणता येत नाही. पै-पैचा हिशेब चोख ठेवणाऱ्या घरांनी मृत्युपत्र वेळेवर करावे; ते राहून गेलेच, तर घराची जाहिरात देण्यापूर्वी आई आणि बहीण यांना शेजारी बसवून कागद वाचून दाखवावा.