धारगळ : नदीपलीकडची माणसं

म्हापशाहून मुंबईच्या दिशेने निघालं की राष्ट्रीय महामार्ग ६६ कोलवाळच्या पुलावरून शापोरा नदी ओलांडतो. पूल संपला की बार्देश संपतो आणि पेडणे तालुका सुरू होतो. तिथलं धारगळ हे माझ्या वडिलांचं गाव. मी बंगळूरला सॉफ्टवेअरमध्ये आहे. आकड्यांशी रोजचा संबंध, म्हणून मे महिन्याच्या सुट्टीत गावी गेलो असताना सहज जनगणनेचे आकडे काढून बसलो.

पेडणे हा गोव्याचा सर्वांत उत्तरेकडचा तालुका. वर तेरेखोल नदी, खाली शापोरा, पश्चिमेला अरबी समुद्र आणि पूर्वेला सिंधुदुर्ग जिल्हा. क्षेत्रफळ सुमारे २५२ चौरस किलोमीटर. २०११ च्या जनगणनेत इथे ७५,७४७ माणसं होती, म्हणजे चौरस किलोमीटरला साधारण ३००. पुलापलीकडचं बार्देश आकाराने जवळपास एवढंच, पण तिथे २,३७,४४० माणसं. एकच नदी, आणि पलीकडे तिप्पट वस्ती!

असं का? थोडं उत्तर जमिनीत आहे. पेडण्यात जांभ्या दगडाचे सडे फार. पावसात हिरवेगार, पण पाणी धरून ठेवत नाहीत. त्यामुळे वाडे वसले ते सड्याच्या पायथ्याशी, जिथे झरा आणि भातशेती आहे तिथे. वर काजू आणि गुरांचं रान. दोडामार्गातल्या तिळारी धरणाचं पाणी कालव्याने इकडे आलं ते अगदी अलीकडे.

उरलेलं उत्तर इतिहासात. बार्देश १५४३ मध्ये पोर्तुगिजांकडे गेलं, पेडणे मात्र १७८८ पर्यंत सावंतवाडीकर भोसल्यांकडे होतं. म्हणजे जवळपास अडीचशे वर्षं ही नदी दोन राज्यांमधली सरहद्द होती. बार्देशात देवळं पाडली जाऊ लागली तेव्हा लोक देव घेऊन नदी ओलांडून इकडे आले. धारगळची शांतादुर्गा मूळची बार्देशातल्या सांगोल्ड्याची. आजी सांगायची, ‘आपलो गाव म्हणजे आसरो.’ विरळ वस्तीच्या गावात नव्याने येणाऱ्याला जागा असते, हे तिला आकडे न बघता कळलं होतं.

आता प्रवास उलट्या दिशेने चालतो. २००१ ते २०११ या दहा वर्षांत गोव्याची लोकसंख्या ८ टक्क्यांहून जास्त वाढली, पेडण्याची जेमतेम ५ टक्के. आमच्या वाड्यावर सात घरं आहेत. त्यातली चार बंद. एक कुटुंब मुंबईला, एक पुण्याला, एक आखातात आणि एक आम्ही. गणपतीत सगळी दारं उघडतात, विसर्जन झालं की पुन्हा कुलपं.

तालुका मात्र रिकामा होतोय असं नाही. मोपाच्या सड्यावरून जानेवारी २०२३ पासून विमानं उडताहेत. त्याआधी महिनाभर धारगळमध्येच अखिल भारतीय आयुर्वेद संस्थेचं उद्घाटन झालं. किनाऱ्यावर मोरजीला दुकानांवर रशियन पाट्या दिसतात. रशियात चौरस किलोमीटरला सरासरी नऊ माणसंही नाहीत. त्या पाहुण्यांना आमचं ‘विरळ’ पेडणे म्हणजे जत्राच वाटत असेल!

पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे. पेडण्याचा आकडा तेव्हा नक्की फुगेल असं मला वाटतं. पण आमच्या वाड्याचं काय? मी मोजला जाईन बंगळूरला, आणि ते बरोबरच आहे, कारण मी राहतो तिथे. माझं घर मात्र ‘रिकामं’ म्हणून नोंदलं जाईल.

हे मी काकांना सांगितलं. ते बराच वेळ अंगणाकडे बघत राहिले. मग म्हणाले, “तुझी आजी जाताना काय म्हणाली होती, आठवतं? घर बंद दवरू नाका.”

त्याच आठवड्यात विमानतळावर काम करणारा एक जण घर भाड्याने मिळेल का म्हणून विचारायला आला. साताऱ्याकडचा. बरोबर बायको आणि दोन लहान मुली. बाबा फोनवर लगेच नाही म्हणाले. परक्याच्या हाती देवघर कसं द्यायचं? त्यांचं म्हणणं मला चुकीचं वाटलं नाही. मलाही ती खोली सोडवत नव्हती. दोन दिवस आमच्यात बोलणी झाली. शेवटी काकाच म्हणाले, “शांतादुर्गासुद्धा बाहेरूनच आली रे.”

देवघराची खोली आमच्याकडे ठेवली, बाकीचं घर त्यांना दिलं. गणपतीत दहा माणसं त्या घरात कशी मावणार, हा प्रश्न अजून सुटलेला नाही. पण परवा काकांनी व्हिडिओ कॉल केला तेव्हा मागे आमच्या तुळशीपाशी ती धाकटी मुलगी ओरडत धावत होती. काका तिला रागावत होते, अगदी आम्हाला रागवायचे तसेच.

तुमच्याही गावी कुलूप लावलेलं एखादं घर असेल. या सुट्टीत जाल तेव्हा आपल्या वाड्यावर किती दारं उघडी आहेत, तेवढं मोजून या.