दुसऱ्याच्या तोंडून

आमच्या घरात एक गोष्ट फार दिवस सांगितली जात होती. गोष्ट माझी. पंचगंगेकाठच्या खेड्यातला शेतकऱ्याचा पोर कोल्हापुरात खोली घेऊन राहिला, एस.टी.नं येणाऱ्या डब्यातली भाकरी दोन वेळ पुरवून खाल्ली, पदवीधर झाला आणि नोकरीला लागला. पाहुणेरावळे जमले की ही गोष्ट निघायची आणि आई डोळ्याला पदर लावायची. मलाही ती ऐकायला आवडायची. का आवडू नये? गोष्टीतला नायक मीच होतो!

१९८० सालच्या दिवाळीच्या सुटीत ही गोष्ट बदलली. त्या वेळी मी मनात दोन कामं धरून गावी गेलो होतो. एक, शिवाजी सावंतांचं 'मृत्युंजय' आईला वाचून दाखवायचं. दुसरं, दादाजवळ वाटणीचा विषय काढायचा.

सावंत आपल्याच जिल्ह्यातले, आजऱ्याचे. कोल्हापुरात राजाराम हायस्कुलात शिक्षक असताना त्यांनी कर्णावरची ही कादंबरी लिहिली. ती १९६७ साली निघाली. आईला महाभारत काही नवं नव्हतं. कीर्तनातून, पोथीतून तिला सगळं पाठ होतं. पण इथं गोष्ट सांगणारा कीर्तनकार नव्हता. कर्ण स्वतः बोलतो, मग कुंती बोलते, दुर्योधन बोलतो, कर्णाची बायको वृषाली, भाऊ शोण आणि शेवटी श्रीकृष्ण. कवचकुंडलं तीच, शाप तेच, युद्धही तेच. सांगणारं तोंड तेवढं बदलतं. आपलंच शेत शेजाऱ्याच्या बांधावरून पाहावं आणि ते वेगळंच दिसावं, तसं होतं.

रोज जेवणं झाली की सोप्यात कंदिलाजवळ वाचन सुरू व्हायचं. आई शेंगा फोडत बसायची, दादा दोर वळत बसायचा. कुंतीचा भाग आला तशी आईनं सूप बाजूला सारलं.

"इतकी वर्सं ऐकत आले, कुंतीनं पोर पाण्यात सोडलं म्हून. तिच्या जिवाला काय झालं, ते कुणी इचारलंच न्हाई की रं!"

दुर्योधनाचा भाग सुरू झाल्यावर मात्र ती रागावली. "त्या मेल्याचं कशाला वाचतोस?" तरी तिनं ऐकून घेतलं आणि शेवटी म्हणाली, "चूक त्येचीच. पर त्येला त्येचं खरं वाटत हुतं."

ही रीत आपल्या कोल्हापूरच्या मातीला मानवलेली दिसते. बापानं पोराचं तारुण्य मागून घेतलं, ती ययातीची अद्भुत कथा कोल्हापुरात राहून वि. स. खांडेकरांनी १९५९ साली नव्यानं सांगितली. तिथं राजा तर बोलतोच, पण देवयानी आणि शर्मिष्ठाही आपापली बाजू सांगतात. खांडेकरांना १९७४ चा ज्ञानपीठ पुरस्कार मिळाला, मराठीतला तो पहिलाच. चंदगड तालुक्यातल्या कोवाडच्या रणजित देसाईंनीही १९७३ मध्ये 'राधेय' लिहून कर्णाचीच बाजू मांडली.

मग एका रात्री शोणाचा भाग आला. कर्णाच्या रथामागं धावत सुटलेला हा धाकटा भाऊ. महाभारत सांगताना त्याचं नावसुद्धा कुणी घेत नाही. वाचता वाचता माझं लक्ष गेलं, दादाचे हात थांबले होते. मी पुस्तक मिटलं. आई म्हणाली, "आरं, तुझी गोष्ट आमी समदी सांगतो. दादाची गोष्ट कवा इचारलीस का?"

दादा काही न बोलता गोठ्याकडं निघून गेला. बोलली ती वहिनी.

"डबा येत नव्हता भावजी, धाडावा लागत हुता."

माझ्या गोष्टीत डबा रोज 'यायचा'. वहिनीच्या गोष्टीत ती पहाटे चारला उठून चूल पेटवायची. दादा चिखल तुडवत फाट्यावर जायचा आणि पहिल्या गाडीच्या कंडक्टरच्या हातात डबा द्यायचा. पावसाळ्यात डोक्यावर पोतं घेऊन तासतासभर उभा राहायचा.

एक दिवस डबा आला नव्हता. मी रागानं पत्र धाडलं होतं, मी उपाशी मेलो तरी तुम्हांला फिकीर नाही, म्हणून. तेही वहिनीच्या ध्यानात होतं.

"त्या दिशी घरात पीठ नव्हतं. शाळूचं शेवटचं पोतं तुमच्या परीक्षेच्या फीला इकलं हुतं. ह्यांनी तुमास्नी कळवू दिलं न्हाई."

माझ्या खिशात अडीच एकराच्या वाटणीचा हिशेब लिहिलेला कागद होता. तो मी बाहेर काढला नाही.

दुसऱ्या दिवशी विहिरीवर दादाला विचारलं. आधी तो हसला, मग हळूहळू बोलू लागला. वडील गेले तेव्हा तो सातवीत होता. शाळा सुटली आणि गुऱ्हाळावर चुलवाणाला जाळ घालायचं काम त्याच्या नशिबी आलं. "खोटं कशाला बोलू? तुझा रागबी यायचा. तू इस्त्रीची कापडं घालून यायचास, आन् मी चिपाडात."

हे ऐकून वाईट वाटलं, पण बरंही वाटलं. दादा देव नव्हता. माणूस होता आणि पहिल्यांदाच स्वतःच्या तोंडानं बोलत होता.

दोन वर्षांनी वाटणी झाली. पंचांसमोर आधी दादाला बोलू दिलं. विहिरीकडची पट्टी त्याच्याकडं राहिली, माळाची मी घेतली. याला कुणी उदारपणा म्हणू नये. गोष्ट दोन्ही तोंडांनी ऐकल्यावर हिशेब तसाच निघाला.

दुसऱ्याची बाजू ऐकली म्हणजे ती पटलीच पाहिजे असं नाही. दुर्योधनाचं ऐकूनही आईनं चूक त्याचीच ठरवली. पण ऐकल्यावर ठरवली. भाऊबंदकीची कितीतरी भांडणं एकाच तोंडाच्या गोष्टीवर पिढ्यान् पिढ्या चालतात. आपल्या घरात अशी गोष्ट असेल, तर ज्याचं तोंड आजवर उघडलं नाही त्याला एकदा विचारून पाहा.

दादा आता नाही. वहिनींनी ऐंशी ओलांडली आहे. परवा गावी गेलो तेव्हा ध्यानात आलं, त्या रात्री त्यांनी दादाची गोष्ट सांगितली होती, स्वतःची नव्हे. म्हटलं, "वहिनी, आता तुमची सांगा."

त्या हसल्या. "माझी व्हय? आदी चा घ्या."

चहा झाला. मग त्या सांगायला लागल्या. अजून सांगताहेत.