टोपीवरचा हत्ती

२०१२ साली भायखळ्याची राणीची बाग दीडशे वर्षांची होणार होती. तिथं रोज फिरायला येणाऱ्या काही ज्येष्ठांना त्यासाठी टोप्या छापायच्या होत्या, आणि त्यांवर बोधचिन्ह हवं होतं. मी छापखान्यात कॉम्प्युटरवर बसायचो. भोकरदनजवळच्या धावड्याहून आलेलो, बाग आतून पाहिलेलीही नव्हती. "होऊन जाईल, काका," म्हणालो.

एका रात्रीत केलं. दीडशेच्या शून्यात झाड, शेजारी भाऊ दाजी लाड संग्रहालयाजवळचा दगडी हत्ती (फोटोवरून), त्याच्या पायाशी १८६२. नऊ रंग! स्क्रीनवर वीतभर होतं तोवर झकास दिसलं. दोन बोटांएवढं केल्यावर सोंड कुठली नि खोड कुठलं, कळेना. शिवाय रंगागणिक वेगळी जाळी लागते, हे रोज पाहणाऱ्या मला आठवू नये? शेवटी काळा आणि हिरवा ठेवला.

नमुना घेऊन मग पहिल्यांदा बागेत गेलो. एका माळीमामांनी तो डोळ्यांजवळ धरला.

"झाड कसलं हे?"

"असंच. झाड."

"गाव कुठलं?"

"धावडा."

"मग धावड्याचं तरी काढायचं."

हसलो, पण धावड्याचं पान कसं असतं ते सांगता येईना. त्याचा डिंक तेवढा आईच्या लाडवांत खाल्लेला. मामांनी उर्वशी दाखवली, कैलासपती दाखवला, मग गोरखचिंच. तिचं ते पिंपासारखं खोड दोन बोटांतही ओळखू येणार होतं. झाड बदललं. हत्तीबद्दल मात्र विचारलं नाही.

टोप्या छापून झाल्या आणि जुन्या मुंबईवरचा एक मजकूर वाचनात आला. बाग उघडली १९ नोव्हेंबर १८६२ला, तेव्हा हत्ती घारापुरीलाच होता. १८६४ साली इंग्लंडला न्यायला उचलताना तो फुटला, तुकडे बागेत आले, आणि १९१४मध्ये ते जोडून उभे केले.

मी कुणाला बोललो नाही. राहिलेले पैसेही घेतले. टोप्या वाटल्या त्या दिवशी एक काका नातवाला सांगत होते, "हा हत्ती बाग उघडली तेव्हापासूनचा." नातवानं माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली.

एक टोपी धावड्याला आहे. वडील ती घालून शेतात जातात. धुऊन धुऊन १८६२ पार गेलंय, हत्ती अजून शाबूत आहे.